थरथर नेमकी कुणाची?

२०२४ च्या भाऊबीजेला आम्ही दोघं पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. धाकटी बहीण तिथं असते आणि गेली चाळीस वर्षं हा दिवस मी चुकवलेला नाही. नोकरीत असताना बस, मग स्कूटर, मग गाडी, वाहन बदलत गेलं एवढंच. खंबाटकी घाट उतरलो, वेळे मागं पडलं, सुरूरच्या अलीकडे रस्ता सरळ झाला आणि सकाळची वेळ म्हणून वाहनंही तुरळक होती. काटा नव्वदकडे सरकला आणि माझ्या हातातलं स्टिअरिंग थरथरायला लागलं. फार नाही, फ्रीज सुरू होताना त्याच्यावर ठेवलेल्या बरण्या किणकिणतात, तितपत. मी वेग कमी केला, थांबलं. पुन्हा वाढवला, पुन्हा आलं.

हिचं लक्ष होतं. ती रस्त्याकडे पाहत नव्हती, माझ्या हातांकडे पाहत होती.

"अहो, तुमचे हात थरथरताहेत."

"हात नाही, स्टिअरिंग," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. पण बहिणीकडे चहाचा कप बशीत ठेवताना माझ्याकडून जरा जास्तच आवाज झाला, आणि दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलेलं मला दिसलं. पुण्याला परत येईपर्यंत विषय निघाला नाही. मी मात्र परतीच्या सगळ्या रस्त्यात सत्तरच्या वर गेलो नाही.

आमच्या घरात 'बाबांनी गाडी चालवावी का' हा विषय त्याच वर्षीच्या जुलैपासून चर्चेत होता. माझी सदुसष्टी जवळ आलेली, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत असल्याचं डॉक्टरांनी सांगितलेलं. चिरंजीवांचं म्हणणं, गावात चालवा, दिवसा चालवा, हायवेला नको. ते काळजीपोटी बोलतात हे मला कळतं. पण ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाच्या अर्जांवर 'मंजूर' किंवा 'नामंजूर' लिहिलं, त्याला आपलाच अर्ज टेबलावर पडलेला पाहणं जड जातं. तेव्हा भाऊबीजेच्या रात्री ही सगळी हकिगत चिरंजीवांच्या कानावर गेली आणि ते म्हणाले, "बाबा, मी उद्या गाडी चालवून बघतो," तेव्हा मला बरंच वाटलं. गाडीतला दोष गाडीच्या पदरात पडला की आपण सुटलो.

दुसऱ्या दिवशी ते वारज्यापर्यंत जाऊन आले. म्हणाले, "मला तरी काही जाणवलं नाही."

आता वारज्यापर्यंत जाताना पुण्याच्या वाहतुकीत कोण नव्वदनं जाणार? पन्नास-साठला काहीच होत नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. हा आजार विशिष्ट वेगाला उपटतो आणि तो वेग ओलांडला की पुष्कळदा शहाण्यासारखा गप्प बसतो. याचं कारण पुढे समजलं. ते इतकं साधं आहे की शाळेत कुणी गाडीचं उदाहरण देऊन शिकवलं असतं तर विसरलो नसतो.

आमच्या गाडीच्या चाकाचा परीघ साधारण एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. ताशी नव्वद किलोमीटर म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर. म्हणजे चाक एका सेकंदात जवळजवळ चौदा वेळा फिरतं. त्या चाकाच्या कडेला एका बाजूला फक्त पन्नास ग्रॅम वजन जास्त असेल, म्हणजे पोह्यांवर शिवरायला घेतलेल्या मूठभर शेवेएवढं, तर शंभरच्या वेगाला ते वजन चाकाला आठ-साडेआठ किलोच्या जोरानं बाहेर ओढतं. तेही एका दिशेनं नाही; आत्ता वर, आत्ता पुढे, आत्ता खाली, सेकंदाला पंधरा वेळा. वेग निम्मा केला की हा जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. चक्रवाढ व्याजाची आकडेमोड केलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पन्नासला दोन किलोचा जोर गाडी मुकाट गिळते.

दुसरी गोष्ट झोपाळ्याची. झोपाळ्याला आपली स्वतःची एक लय असते. त्या लयीत बोटानं टिचकी मारत राहिलं तरी तो उंच जातो. लय सोडून ढकललं तर अंगाशी येतो. गाडीचं चाक, त्याला धरून ठेवणारे दांडे, स्प्रिंगा, रबरी बुश आणि स्टिअरिंग यांचीही मिळून अशी एक लय असते. चाकाच्या फेऱ्या त्या लयीशी जुळल्या की थरथर एकदम मोठी होते, पुढे गेल्या की ओसरते. म्हणून ऐंशीला सुरू, नव्वदला कळस, एकशे दहाला पुन्हा शांत. काही लोक यावर उपाय म्हणून एकशे दहानं गाडी हाकतात. अशी माणसं मी बँकेतही पाहिली आहेत. हप्ता थकला की ती आणखी मोठं कर्ज मागायला येत.

पण हे सगळं ज्ञान नंतरचं. तेव्हा मी सरळ एका मोठ्या, काचेच्या भिंतींच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या इस्त्रीच्या शर्टातल्या मुलानं माझं बोलणं निम्मंच ऐकून संगणकात 'व्हील अलाइनमेंट' असं भरलं. तासाभरानं माझ्या हातात एक छापील कागद आला. त्यावर आधीचे आकडे लाल आणि नंतरचे हिरवे होते. बँकेच्या माणसाला छापील कागदाचा आदर असतो. मी पैसे भरले, कागद घडी करून ठेवला, आणि पुढच्या रविवारी खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो. थरथर होती तशीच.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना एवढं सांगून ठेवतो. अलाइनमेंट म्हणजे चाकांची तोंडं नीट समोर आहेत की नाहीत, हे पाहणं. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरपं धरावं लागतं. एका ठरावीक वेगाला येणारी थरथर हे तिचं लक्षण नव्हे. थरथरीसाठी पाहायचं ते बॅलन्सिंग. दोन्ही कामं एकाच दुकानात, एकाच पाटीखाली होतात, म्हणून लोक त्यांना जुळी भावंडं समजतात.

मग टायरच्या दुकानात बॅलन्सिंग. एकेक चाक काढून यंत्रावर चढवायचं, फिरवायचं. यंत्र सांगतं आतल्या कडेला इतके ग्रॅम, बाहेरच्या कडेला इतके. तेवढी वजनं रिमच्या काठाला ठोकायची. पूर्वी ती शिशाची असत. युरोपात मोटारगाड्यांवर शिशाला २००५ साली बंदी झाली आणि आता जस्ताची, लोखंडाचीही मिळतात, पण आपल्याकडे कारागीर अजून 'शिसं लावलं' असंच म्हणतात. माझ्या तीन चाकांना दहा-पंधरा-वीस ग्रॅम लागलं. पुढच्या डाव्या चाकाला यंत्रानं पंचाण्णव मागितलं. मुलानं पंचाण्णव लावलं, यंत्रावर दोन्हीकडे शून्य-शून्य आलं, आणि तो म्हणाला, "झालं काका."

थरथर निम्मी झाली. निम्मी राहिली.

मी परत गेलो तेव्हा तो म्हणाला, "एवढं चालतं, काका. गाडी जुनी आहे." आणि घरी चिरंजीव म्हणाले ते अधिक झोंबणारं होतं. अगदी हळू आवाजात, समजुतीनं: "बाबा, अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंग झालं. मशीन शून्य दाखवतंय. मग आता राहिलं काय?"

राहिलो मी. हिशेब सरळ होता. त्या रात्री मी दिवा लावून टेबलाशी बसलो, दोन्ही हात पुढं पसरले, बोटांकडे पाहत राहिलो. पाहत राहिलं की कुणाचीही बोटं थोडी हलतात, असं मी स्वतःला सांगितलं.

इथं जरा बँकेत जायला हवं. १९८१ साली मी नोकरीला लागलो तेव्हा सगळं हातानं चाले. लेजरची जाडजूड बाडं, त्यात शेकडो खाती, आणि ठरल्या मुदतीला त्यांचं बॅलन्सिंग. (शब्द तोच, म्हणून तर मला हे आठवलं.) प्रत्येक खात्याची शिल्लक उतरवून बेरीज करायची आणि ती जनरल लेजरशी जुळली पाहिजे. पहिल्या फटक्यात ती जुळे असं फारसं होत नसे. मग डिफरन्स शोधायचा. त्याच्या युक्त्या होत्या. फरकाला नवानं भाग जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५ केलेत. फरक दोननं भागून येणारी रक्कम कुठं दिसतेय का पाहा. जमेची नोंद नावे पडली असेल. कऱ्हाडच्या शाखेत १९८६ साली अशाच एका फरकापायी आम्ही चार जण तीन रात्री जागलो. तिसऱ्या रात्री एकानं सुचवलं, एवढी रक्कम सस्पेन्सला टाकू आणि घरी जाऊ. आमचे अकाउंटंट म्हणजे अत्यंत शांत माणूस, तपकीर ओढायचे. ते म्हणाले, "टाका. बेरीज जुळेल. चूक आहे तिथंच राहील."

पंचाण्णव ग्रॅम शिसं हे सस्पेन्स खातं होतं. हे मला त्या रात्री टेबलाशी बसल्यावर कळलं. बाकीच्या चाकांना वीस ग्रॅम पुरतं आणि एकालाच पंचाण्णव लागतं, तर त्या चाकात काहीतरी आहे. यंत्रानं बेरीज जुळवली होती. चूक शोधायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

शिंदेवाडीजवळ सेवारस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री आहेत. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर, पण सगळे त्यांना मामा म्हणतात, तेव्हा मीही म्हणू लागलो. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी नाव सुचवलं. त्यांची गाडी एकदा पावसाळ्यात कोकणातून आल्यावर अशीच थरथरत होती. मामांनी तिची चाकं काढली, रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला तांबड्या चिखलाचा थर खरवडला, पाण्याचा फवारा मारला आणि पैसे घ्यायला नकार दिला. ही फुकटची पहिली तपासणी आहे. गाडी बाहेरून धुतात. आतली बाजू कोण पाहतो? तसंच गाडी बरेच दिवस जागची हलली नसेल तर टायर जमिनीवर टेकलेल्या जागी चपटा होतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर कितीतरी लोकांच्या गाड्या अशा थरथरल्या आणि दहा-पंधरा किलोमीटर चालून टायर गरम झाल्यावर आपोआप बऱ्या झाल्या.

मामांनी गाडीला हात लावला नाही. आधी मला स्टुलावर बसवलं.

"थरथर कुठं जाणवती, साहेब? हाताला का बुडाला?"

हा प्रश्न मला त्या काचेच्या वर्कशॉपात कुणी विचारला नव्हता. हाताला म्हणजे पुढची चाकं, स्टिअरिंग त्यांनाच जोडलेलं. बुडाला, म्हणजे सीटला, तर बहुधा मागची. मी म्हणालो, हाताला.

"कितीला चालू होती? कितीला थांबती? ब्रेक दाबल्यावर वाढती का?" ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेकची तबकडी वेडीवाकडी झिजलेली असते, तो वेगळा रोग. "ॲक्सिलरेटर दाबल्यावर जास्त आणि सोडल्यावर गप, असं होतंय का?" तसं असेल तर इंजिनाकडून चाकाकडे जाणारा शाफ्ट आणि त्याचे सांधे पाहायचे. "त्याच वेगाला गिअर बदलून बघितला का?" गिअर बदलला की इंजिनाच्या फेऱ्या बदलतात, चाकाच्या नाही. थरथर इंजिनाबरोबर बदलली तर चाकांच्या मागं लागून उपयोग नाही, इंजिनाची रबरं पाहायची.

मी खिशातून वही काढली. सवयीचा गुलाम; त्या रविवारच्या फेरीत मी रकाने पाडून सगळं लिहिलं होतं. साठ, काही नाही. ऐंशी, किंचित. अठ्ठ्याऐंशी ते पंच्याण्णव, स्पष्ट. एकशे पाच, कमी. चौथा-पाचवा गिअर, फरक नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून, फरक नाही. मामांनी वही हातात घेऊन वाचली आणि म्हणाले, "असं लिहून आणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय." मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

मग शेवटचा प्रश्न. "खड्ड्यात कुठं आपटली होती का गाडी?"

"नाही," मी म्हणालो. "असं काही आठवत नाही."

त्यांनी मान हलवली आणि किल्ली मागितली. ते चालवायला बसले, मी शेजारी. खेड शिवापूरच्या दिशेनं निघालो. काटा नव्वदला आला आणि मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. ग्रीसनं काळे झालेले, मनगटं माझ्या दीडपट, आणि ते थरथरत होते. स्टिअरिंगवर ठेवलेल्या दहाही बोटांसकट ते चांगले थरथरत होते. माझ्या घशात काहीतरी अडकलं. गाडी बिघडल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

"चाकच आहे, साहेब," ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तेवढं हलकंबी नाही."

शेडमध्ये परत आल्यावर त्यांनी पुढची चाकं मागं आणि मागची पुढं लावली, ज्या त्या बाजूची त्या बाजूला. बाकी कशालाही हात लावला नाही. पोऱ्या घाईनं नट ओळीनं आवळायला लागला तर त्याच्यावर ओरडले. समोरासमोरचे आलटून पालटून आवळायचे, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि आपणच नवी थरथर तयार करतो. हबवरचा गंज ब्रशनं घासून काढला, तोही याच कारणासाठी. पुन्हा फेरी. आता स्टिअरिंग गप्प आणि सीट थरथरते आहे! म्हणजे दोष गाडीच्या पुढच्या भागात नाही, सांध्यात नाही, ब्रेकमध्ये नाही. तो त्या दोन चाकांबरोबर मागं गेला. आता दोघांपैकी कोण? संशय पंचाण्णव ग्रॅमवाल्यावर. ते काढून त्या जागी स्टेपनी लावली. (आमची स्टेपनी पूर्ण मापाची आहे. हल्ली काही गाड्यांना बारीक चाक देतात. ते असल्या वेगाला चालवायचं नसतं.) तिसरी फेरी. नव्वद, पंच्याण्णव, शंभर. गाडी लोण्यासारखी.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग पाहायचं. आम्ही लेजर तपासताना एकेक पान असंच बाजूला काढत असू. चार गोष्टी एकदम बदलून गाडी सुधारलीच, तर सुधारली कशानं हे कधीच कळत नाही, आणि बिल मात्र चारही गोष्टींचं येतं.

आता ते चाक त्यांनी पुन्हा गाडीला चढवलं, पण गाडी जॅकवर ठेवून. बाजूला एक लाकडी ठोकळा ठेवला, त्यावर हात टेकवून खडूचा तुकडा टायरच्या अगदी जवळ धरला, आणि पोऱ्याला सांगितलं, हळू फिरव. चाक पूर्ण गोल असेल तर खडू सगळीकडे सारखा लागेल किंवा कुठंच लागणार नाही. खडू एकाच जागी लागत होता. वीतभर पांढरी रेघ, मग काही नाही, पुन्हा वीतभर रेघ. मग खडू रिमच्या आतल्या काठाला धरला. तिथं तर फट डोळ्यांना दिसेल इतकी उघडमीट करत होती.

यंत्रानं शून्य दाखवलं होतं ते खोटं नव्हतं. यंत्र चाक हवेत फिरवतं आणि वजन चहूबाजूंनी सारखं आहे का एवढंच पाहतं. चाक गोल आहे का, हे त्या यंत्रानं पाहिलंच नव्हतं. वाकलेल्या बांगडीलाही वजनं लावून तोलता येतं. पण ती जमिनीवर घरंगळली की उडणारच, आणि वर गाडीचं ओझं असेल तर दर फेरीला एक धक्का देणारच.

चाक उतरवून त्यांनी आडवं टाकलं, आतली बाजू वर. बाहेरून प्लॅस्टिकची टोपी असते, त्यामुळे आम्हाला कधी काही दिसलं नव्हतं. रिमचा आतला काठ चार बोटं लांबीत आत दबलेला होता. त्या टायरची हवा दर पंधरवड्याला दोन-तीन पौंडांनी उतरायची आणि मी ती मुकाट्यानं भरून घ्यायचो, त्याचंही उत्तर तिथंच होतं. ट्यूबलेस टायर, काठ वाकला की हवा तिथून हळूहळू निसटते.

"इथं हात लावा," मामा म्हणाले.

टायरच्या आतल्या भिंतीवर, दबलेल्या काठाच्या समोरच, अर्ध्या लिंबाएवढा फुगा होता. मऊ. बोटानं दाबला तर दबला.

टायरच्या भिंतीत रबराच्या आत दोऱ्यांचं विणकाम असतं. हवेचा दाब ते दोरे पेलतात, रबर नाही. जोराचा आघात होऊन भिंत रिम आणि खड्ड्याची कडा यांच्यात चिरडली की आतले दोरे तुटतात. मग तेवढ्या जागी हवेला धरून ठेवायला नुसतं रबर उरतं, आणि ते फुगतं. याला ठिगळ नाही, दुरुस्ती नाही. असा टायर महिनाभर टिकेल किंवा पुढच्या वळणावर फुटेल. पुढचं चाक, नव्वदचा वेग, शेजारी ही बसलेली. मी भाऊबीजेनंतर त्याच टायरवर चार वेळा हायवेला गेलो होतो, थरथर अभ्यासायला!

मामा उठले, पाना कापडानं पुसत माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, हे खड्ड्याशिवाय होत नाही."

मला आठवत नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. मला सगळं आठवत होतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका तालुक्याच्या गावी वाचनालयात माझं भाषण होतं. रात्री साडेआठला एकटाच परत निघालो. पाऊस, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे, आणि त्या दिव्यांभोवती उजव्या डोळ्याला दिसणारी वलयं. पाण्यानं भरलेला खड्डा मला दिसलाच नाही. डावं चाक असं आदळलं की दात दातांवर आपटले. पुढं एका टपरीच्या उजेडात थांबून मी चाक पाहिलं. टोपी शाबूत, हवा शाबूत. घरी आलो आणि काही बोललो नाही. जुलैतली चर्चा ताजी होती. हा खड्डा सांगितला असता तर डोळा सांगावा लागला असता, आणि डोळा सांगितला असता तर किल्ली द्यावी लागली असती. पुढचे अडीच महिने गाडी गावातल्या गावातच चाळीस-पन्नासनं फिरली, म्हणून चाकही बोललं नाही.

नोकरीत असताना एक व्हाउचर दडवलं म्हणून मी माणसांना मेमो दिलेले आहेत.

मामांना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग सकाळीच सांगायचं ना. चाक आधी उलटं करून बघितलं असतं. तीन फेऱ्यांचं पेट्रोल वाचलं असतं तुमचं." बस, एवढंच. वर चहा मागवला.

रिम ठोकून सरळ करून घ्यायची माझी तयारी होती, पण ज्या काठावर टायर बसतो तोच वाकलाय, नवी घ्या, असं त्यांनी सांगितलं. पुढचे दोन्ही टायर नवे घेतले. जुन्या टायरच्या भिंतीवर कोरलेले चार आकडे त्यांनी मला वाचायला शिकवले: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. माझ्यावर होतं ३१२०. म्हणजे २०२० सालच्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झालेला. चेकवरची तारीख पाहिल्याशिवाय पैसे न देणारा मी, चार वर्षं ही तारीख उघड्यावर फिरवत होतो. नव्या चाकाला यंत्रानं पंधरा ग्रॅम मागितले.

फुग्याचा तो टायर मी डिकीत टाकून घरी आणला. रात्री जेवणं झाल्यावर चिरंजीवांना खाली पार्किंगमध्ये नेलं, विजेरी लावून फुगा दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे खरंच गाडीच होती," ते म्हणाले. तिथंच थांबलो असतो तर मी जिंकलो होतो. मग मी खड्ड्याचं सांगितलं. वलयांचंही सांगितलं. ते बराच वेळ टायरवर बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही मला तेव्हाच फोन का नाही केलात?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२५ च्या फेब्रुवारीत डोळ्याचं ऑपरेशन झालं. दिव्यांभोवतीची वलयं गेली. रात्रीची गाडी मी तरीही सोडली आहे, कुणी न सांगता.

कपाचं मात्र राहिलं होतं. गाडीची थरथर गेली आणि बशीतला कप अधूनमधून वाजतच राहिला. गेल्या पंधरवड्यात मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रश्न सुरू केले तेव्हा मला शिंदेवाडीची पत्र्याची शेड आठवली. हात मांडीवर निवांत असताना थरथरतो, की काही उचलायला गेल्यावर? एकच की दोन्ही? कधीपासून? हात नुसता पडलेला असताना हलत असेल तर एक दिशा, काम करताना हलत असेल तर दुसरी. आणि त्या दुसऱ्या प्रकारात पुष्कळदा घराण्यात ते असतं. मी वही नेली होती. उचलताना, निवांत असताना नाही. उजवा जास्त. बहुधा दीड वर्ष, भाऊबीजेच्याही आधीपासून. आणि वडिलांचाही हात असाच हलायचा, सही करताना. ते ही गोष्ट लपवायचे, डावा हात उजव्यावर ठेवायचे, आणि आम्ही मुलं पाहून न पाहिल्यासारखं करायचो.

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि मेंदूविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. गुरुवारची वेळ मिळाली आहे. चिरंजीव रजा काढणार आहेत. मात्र दवाखान्यापर्यंत गाडी मी चालवायची, असं आमचं ठरलं आहे.